श्रीपतरावांचा दहा किलो हिंग

देवा, जीभ माझी अडखळणारी आणि विषय तू दिलास संसाराचा! सांभाळून घे. मंडळी, तुम्हीही घ्या!

मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचतोय का? पोचत नसेल तर मागच्यांनी हात वर करावा— पण ऐकूच आलं नाही तर हात वर करणार कसा? चुकलंच माझं. पेटीवाले, जरा सूर धरा, मला धीर येईल.

तर मंडळी, ऐका! आज प्रश्न असा घेतलाय— घरात जो पैसा येतो, तो कोणाच्या बुद्धीने खर्चावा? जो कमावतो त्याच्या, की जी पुरवते तिच्या?

बघा, पुरुषांच्या बाजूला लगेच शांतता! आणि बायकांच्या बाजूला खसखस!

आपण चित्र पाहतो. शेषावर भगवान पहुडलेले, पायाशी लक्ष्मी. आपण म्हणतो, वा, मालक विश्रांती घेताहेत! अहो, पण वैकुंठाच्या कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे? चित्रकाराने किल्ल्या काढल्या नाहीत म्हणजे त्या नाहीतच, असं थोडंच आहे? त्या कुणाच्या कंबरेला असणार, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि देवालाही ठाऊक आहे. म्हणून तर तो एवढा निवांत झोपलाय!

हा दाखला बरोबर बसला की नाही कोण जाणे. वहीत लिहिला तेव्हा बरा वाटला होता. असो. आख्यान ऐका!

एक होते श्रीपतराव तोडकर. गावातल्या सूतगिरणीत भांडारपाल. म्हणजे स्टोअरकीपर हो! चौतीस वर्षं नोकरी. गिरणीतला खिळा असो की तेलाचं पिंप, श्रीपतरावांच्या सहीशिवाय हलायचं नाही. खरेदीचा नियम कडक— तीन दुकानांचे भाव लेखी मागवायचे, सर्वांत कमी तो मंजूर. माल आला की खोका फोडायचा, तपासायचा, वजन करायचं, मगच आत घ्यायचा. माणूस प्रामाणिक! चौतीस वर्षांत एका वॉशरचा घोटाळा नाही!

आणि घरात शालनताई. त्यांची पत्नी. त्यांनी काय केलं चौतीस वर्षं? विशेष काही नाही. भांडारपालाच्या पगारात दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली, सासूचं दुखणं काढलं, घरावर स्लॅब टाकला, आणि महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पाहुणा आला तरी त्याला शिरा खाऊ घातला. तीन दुकानांचे भाव कधी मागवले नाहीत. सही कुठं केली नाही. त्यामुळे हे सगळं आपोआप झालं असं श्रीपतरावांचं प्रामाणिक मत होतं!

हसू नका. आपल्या घरीसुद्धा पुष्कळ गोष्टी आपोआप होतात!

शालनताईंची एक इच्छा होती. एकच! त्यांची धाकटी बहीण कमल, सात किलोमीटरवरच्या गावात राहायची. एकटी, त्यात गुडघे धरलेले. एसटी दिवसातून दोनदा. सकाळच्या गाडीने गेलं तर संध्याकाळपर्यंत अडकलं, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलं तर मुक्कामच पडला. म्हणून शालनताईंना हवी होती स्कूटर. बिनगिअरची. स्वतः चालवायची!

दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणाल्या, "अहो, मला एक स्कूटर घ्या."

श्रीपतराव म्हणाले, "रिटायर झाल्यावर बघू."

पाच वर्षांपूर्वी म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर!" गेल्या दिवाळीत म्हणाल्या. "आता रिटायर व्हायलाच आलोय की!"

झाले एकदाचे! गिरणीने शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठं जायचंच नाही त्याला आपण घड्याळ देतो, ही आपली रीत! फंडाचे पैसे आले. ते बँकेत ठेवीत गेले, आणि पंच्याऐंशी हजार रुपये वेगळे काढून श्रीपतराव म्हणाले,

"शालन, ही तुझी स्कूटर!"

शालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी आणू या."

तो दिवस होता सोमवार. मंडळी, सोमवार आणि शनिवारच्या मध्ये किती दिवस असतात? चार! माणसाने चार दिवस गप्प बसायचं होतं. नाही बसला!

मंगळवारी सकाळी अंघोळ झाली, पूजा झाली, पेपर वाचून झाला, पेपरातल्या निविदासुद्धा वाचून झाल्या. घड्याळात बघतात तर साडेनऊ! आता काय करायचं? चौतीस वर्षांची सवय, पाय आपोआप भांडाराकडे वळले. आणि घरात भांडार कुठं असतं?

बरोबर! शिरले स्वयंपाकघरात!

डबे काढले. वजनं केली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली— माल काय, शिल्लक किती, किती उरल्यावर मागवायचा. शालनताई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो डबा आडवा नका धरू, त्यात—"

सांडले मेथीचे दाणे!

"शालन," श्रीपतराव ओट्याखालून म्हणाले, "ही चिल्लर खरेदी घरं बुडवते! हा हिंग बघ. एवढीशी डबी. संपली की परत एवढीशी डबी. प्रत्येक डबीला दुकानदाराचा नफा. आता मला सांग, एका फोडणीला हिंग लागतो किती?"

"चिमूटभर," शालनताई म्हणाल्या.

"दिवसाला फोडण्या किती?"

"तीन धरा."

झालं! श्रीपतरावांनी डबीत बोटं घातली, चिमूट उचलली, आणि गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवली. भरली अर्धा ग्रॅम. तीन फोडण्यांचा दीड ग्रॅम. वर्षाचा साडेपाचशे ग्रॅमच्या घरात. आणि आपण दोघं अजून किती वर्षं जेवणार? श्रीपतरावांनी भगवंताला न विचारता परस्पर ठरवून टाकलं— अठरा! म्हणजे हिंग लागणार दहा किलो!

अहो, दहा किलो! हिंग! गहू नव्हे! एखाद्या लग्नाच्या आचाऱ्यालाही इतका हिंग स्वप्नात दिसत नाही!

गल्लीतल्या दुकानात हिंगाचा भाव दहा हजार रुपये किलो. श्रीपतरावांनी पेठेतल्या तीन दुकानांतून भाव लिहून आणले. एकाचा आठ हजार नऊशे, दुसऱ्याचा आठ हजार सातशे. तिसरे होते चुनीलालशेठ. ते म्हणाले, "मालक, आठ हजार चारशे लावतो, पण दहा किलो घ्यावे लागतील."

"दहाच हवेत!" श्रीपतराव म्हणाले.

शेठजी खुर्चीतून उठले. असं गिऱ्हाईक त्यांनी वडिलांच्या वेळेपासून पाहिलं नव्हतं! त्यांनी विचारलं, "काय, हॉटेल काढताय?"

"नाही. रिटायर झालोय."

आता मंडळी, प्रश्न आला पैशाचा. बँकेतली ठेव तर मोडायची नाही. मग हाताशी रोख कोणती? पंच्याऐंशी हजार! श्रीपतराव काही दुष्ट नव्हते हो. त्यांनी मनाशी म्हटलं, हिंगात सोळा हजार वाचताहेत. स्कूटर काय, दोन वर्षांनी घेऊ. हिंगाचा भाव मात्र थांबणार नाही! तिला सांगितलं तर तिलाही पटेल.

तिला सांगितलं तर! सांगितलं कुठं? ठरवून मोकळे झाले!

आला शनिवार. श्रीपतराव सकाळीच म्हणाले, "शालन, मी जरा पेठेत जाऊन येतो. येताना तुझ्यासाठी एक मोठी गोष्ट आणतोय!"

शालनताईंना काय वाटणार? तुम्हाला काय वाटलं असतं? त्यांनी दारात रांगोळी काढली. ओवाळणीचं ताट केलं. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली. शेजारच्या सिंधूवहिनी आल्या, समोरच्या आल्या, कोपऱ्यावरच्या आल्या. सिंधूवहिनी म्हणाल्या, "शालनताई, पहिली फेरी मला हं! मी मागं बसणार!"

"बसा की! पण घट्ट धरा, मी वळणावर थांबत नाही!"

गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. सगळ्या पुढे झाल्या. आणि आली— रिक्षा! रिक्षातून उतरले श्रीपतराव, आणि त्यांच्या मागून उतरली दोन खोकी.

"हे काय हो?" शालनताई म्हणाल्या.

"हिंग!" श्रीपतराव म्हणाले. "दहा किलो. आयुष्याची चिंता मिटली. ओवाळ!"

मंडळी, ताट हातात, निरांजन पेटलेलं, लिंबं मांडलेली— आणि समोर हिंग! शालनताई ताट घेऊन आत वळल्या. पण सिंधूवहिनींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, याच्यावर आम्ही डबलसीट बसायचं कसं?"

एवढ्यावर भागलं असतं! पण श्रीपतराव पडले भांडारपाल. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही! ते ओसरीवर बसले, आणि अर्ध्या अर्ध्या किलोची वीस पाकिटं, एकेक करून, वीसच्या वीस फोडली! वास घेतला. वजन केलं. "माल उत्तम," असं कागदावर लिहून खाली सही केली. स्वतःच्याच घरात!

आणि मग मंडळी, वास सुटला!

काय वर्णावा तो वास! दुधाला हिंग. चहाला हिंग. देवापुढं उदबत्ती लावली तर देवघरातून आमटीचा वास! मांजर होतं, ते सिंधूवहिनींकडे राहायला गेलं. पोस्टमन फाटकातूनच हाक मारायचा. श्रीपतराव एसटीत बसले की शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. तेवढा एक फायदा झाला, ऐसपैस बसायला मिळायचं! गल्लीत रोज कुणीतरी विचारी, "आज जेवणावळ कुणाकडे?" श्रीपतराव तोंड वर करून म्हणत, "आमच्याकडे! अठरा वर्षं!"

अठरा वर्षं म्हणाले आणि शालनताईंनी पोळपाट बाजूला ठेवला. पहिल्यांदाच तोंड उघडलं त्यांनी.

"अठरा कशी धरलीत?"

"तूच सांगितलंस ना, चिमूटभर! मी मोजली. अर्धा ग्रॅम."

"कुणाची चिमूट मोजलीत?"

"माझी. का?"

शालनताईंनी हात पुढे केला. पाकिटातून बोटांच्या टोकांनी एवढासा हिंग उचलला. दिसला तर दिसला! "हा घ्या. ही माझी चिमूट. न्या सोनाराकडे."

गेले. सोनाराने चष्मा पुसला, परत पुसला, म्हणाला, "तोडकर, याच्या दहापट हवा अर्धा ग्रॅम व्हायला."

दहापट! म्हणजे अठरा वर्षांचा नव्हे— एकशे ऐंशी वर्षांचा हिंग! पणतू गेला, खापरपणतू गेला, तरी पुढचे आपले हिंग खाताहेत!

इथं दोन ओळी गातो. ओवी माझीच आहे, म्हणून यमक जरा लंगडतं. पेटीवाले, धरा!

तराजू घेउनी मोजिले घर।
मनाचे माप राहिले दूर॥

श्रीपतराव घरी आले ते पाय ओढत. शालनताई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी कनवटीचं एक कार्ड काढून समोर ठेवलं.

"हे काय?"

"लायसन. माझं. चार महिन्यांपूर्वी काढलं. सिंधूवहिनींच्या मुलीच्या गाडीवर शिकले. साहेबासमोर आठचा आकडा काढून दाखवला, पाय न टेकता."

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तीन ड्रायव्हिंग स्कूलचे भाव मागवले असते!"

त्या पुढे म्हणाल्या, "गेल्या महिन्यात कमल न्हाणीत पडली. चार तास पडून होती. मला कळलं दुसऱ्या दिवशी. स्कूटर मला मिरवायला नको होती हो. तुम्ही मला विचारलंत, हिंग किती लागतो. मी सांगितलं. आणि मोजलंत मात्र स्वतःच्या बोटांनी. चौतीस वर्षं हेच झालं."

मंडळी, भांडण परवडतं. हे परवडत नाही!

श्रीपतराव तडक गेले चुनीलालशेठकडे. "शेठजी, माल परत घ्या. निम्म्या भावात घ्या!"

शेठजींनी पाकिटं पाहिली. "मालक, सील फोडलेलं. वीसच्या वीस? फुकट दिलात तरी ठेवता येणार नाही. एखादं फोडायचं होतं!"

"नियम होता हो," श्रीपतराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच तो शब्द कसानुसा वाटला.

परत आले. खोकी ओसरीवर ठेवली. खाली बसले आणि म्हणाले, "शालन, मला काही सुचत नाही. तू सांग."

ऐकलंत? चौतीस वर्षांत पहिल्यांदा! इथं टाळ वाजले पाहिजेत! वाजवा!

शालनताईंनी पदर खोचला. "महिना कुठला आहे?"

"मार्च."

"मार्चमध्ये गावात बायका काय करतात?"

श्रीपतरावांना काय ठाऊक! तुम्हाला ठाऊक आहे? पापड, मंडळी, पापड! उडदाच्या पापडाला काय लागतं? हिंग! गावात पापड लाटणारे बायकांचे तीन गट, लोणची घालणाऱ्या दोघी, मसाला कांडणारी एक. सगळ्या शालनताईंच्या ओळखीच्या. कुणाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू केलेले, कुणाच्या मुलीची शिकवणी घेतलेली. हे भांडार श्रीपतरावांनी कधी मोजलं नव्हतं!

"माझी अट आहे," शालनताई म्हणाल्या. "भाव मी सांगणार. तुम्ही पिशवी धरायची. आणि आलेला पैसा कुठं जाणार, ते मी ठरवणार."

"कबूल."

"दुकानात दहा हजारांचा आहे. आपण नऊ हजारांनी द्यायचा."

"नऊ? अगं, नऊ हजार आठशेला जाईल!"

"पिशवी!"

धरली पिशवी! पुढे शालनताई, मागे श्रीपतराव, उन्हात, छत्री नाही. पहिल्या दारात पापडवाल्या गटाच्या पारूबाई म्हणाल्या, "शालनताई, नऊला देताय? माल कसा आहे?"

"वासावरून कळलं नाही का? चौकातून येत होता!"

"तो तुमचा होय! आम्हाला वाटलं, गॅसच गळतोय!"

श्रीपतरावांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. "तीन प्रती करू. एक तुम्हाला, एक आम्हाला, एक—"

"अहो, ठेवा ते आत!" दोघी एकदम म्हणाल्या.

कुणी पाव किलो घेतला, कुणी अर्धा, लोणचंवालीने एकदम दीड किलो. तीन आठवडे दारोदार हिंडले. साडेनऊ किलो हिंग खपला! आणि हातात आले पंच्याऐंशी हजार पाचशे. उरला अर्धा किलो, तोही शालनताईंच्या चिमटीने नऊ वर्षांचा!

आता इथं आख्यान संपायला हवं. पण नाही! माणसाचं मन आहे हो. पैसे मोजून झाले आणि श्रीपतरावांचे डोळे चमकले. अहो, घातले चौऱ्याऐंशी, आले पंच्याऐंशी पाचशे, वर अर्धा किलो शिल्लक! ते शालनताईंजवळ सरकून म्हणाले,

"शालन, मी काय म्हणतो— वेलदोडे!"

शालनताईंनी नुसतं बघितलं.

"नाही, म्हणजे भाव वाढणारेत, आणि तुझ्या ओळखी—"

बघतच राहिल्या. श्रीपतरावांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पैशांची थैली उचलली, शालनताईंच्या मांडीवर ठेवली, आणि हात मागे घेतला. मंडळी, हात मागे घ्यायला त्यांना किती वेळ लागला म्हणता? मला वाटतं, चौतीस वर्षं लागली.

"मी येऊ का तुझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

"या की. पण बोलायचं नाही."

दोघं गेली स्कूटरच्या दुकानात. आत टाय लावलेला विक्रेता. तो शालनताईंच्या अंगावरून पुढे आला आणि श्रीपतरावांसमोर हात जोडून म्हणाला, "या साहेब! कोणतं मॉडेल दाखवू? आपलं बजेट किती? मॅडमसाठी खुर्ची आणू का, बसतील तोवर?"

श्रीपतरावांच्या जिभेवर सगळं आलं हो! मायलेज आलं, सवलत आली, दुसऱ्या दोन दुकानांचे भाव आले! कपाळाला घाम फुटला. शालनताई बाजूला उभ्या. काय होतंय, तेवढं बघत राहिल्या.

आणि श्रीपतराव म्हणाले, "त्यांना विचारा."

तेवढंच! दोन शब्द! आणि ते स्वतः त्या खुर्चीवर जाऊन बसले.

शालनताईंनी अर्ध्या तासात लाल स्कूटर घेतली. किंमत पंच्याऐंशी हजार. उरलेल्या पाचशेचं पेट्रोल भरलं आणि फळं घेतली. श्रीपतराव मागे बसले, दोन्ही हातांनी पाठीमागची दांडी धरून, डोळे मिटून. पहिल्या वळणावर म्हणाले, "हळू!" दुसऱ्या वळणावर म्हणाले, "देवा!" आणि तिसऱ्या वळणानंतर त्यांनी डोळे उघडले, तर समोर कमलचं दार. ती भिंतीला धरून उभी होती आणि हसत होती.

हे झालं त्यांचं, मंडळी. आता आपलं!

इथं पुढच्या रांगेत बसलेले, ज्यांची येत्या जूनमध्ये निवृत्ती आहे— मी नाव घेत नाही, तुम्हीही मान खाली घालू नका— तुम्ही बँकेत जाल, ठेवींचे दर पाहाल, चार शहाण्यांना विचाराल. विचारा! पण ज्या माउलीने तुमच्या पगाराचा महिना तीस दिवस पुरवला, तिला विचारलंत? तुम्ही म्हणाल, विचारतो की आम्ही! हो, विचारता. मग ती सांगते. आणि मग तुम्ही काय म्हणता?

"हो, पण—"

बायका बघा कशा हसताहेत! प्रत्येक घरात आहे तो "हो, पण"! माझ्याही घरात आहे. खोटं कशाला बोलू? बायको समोरच बसली आहे.

म्हणून एवढंच मागणं. देवापुढं नारळ ठेवतो, फूल ठेवतो. आज जाताना तो "हो, पण" दानपेटीत टाकून जा. नाणं नको, नोट नको, नुसता तोच टाका. पेटी भरून वाहू दे!

विश्वस्त माझ्याकडे बघताहेत.

बरं, बरं— नोटासुद्धा टाका. पण किती टाकायच्या, ते घरच्यांना विचारून!